लिंबाजीला हिरवंच पाहिजे!

लिंबाजीला फसवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात अजून जन्माला आलेला नाही, असं लिंबाजीचं म्हणणं होतं. आणि हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. कटिंगच्या दुकानात सांगायचा, एस्टीत शेजारी बसलेल्याला सांगायचा. एकदा तर मयतीला गेला होता, तिथंही सांगून आला!

त्याला कशाचाही शक यायचा. टरबूज घ्यायचं तर आधी सगळ्या बाजूंनी वाजवून बघायचा. घरी नेऊन कापलं आणि फिक्कं निघालं तर म्हणायचा, "फसवलं!" आणि गोड निघालं तर म्हणायचा, "इंजेक्शन मारलंय!" आता सांगा, त्या टरबुजानं करावं तरी काय?

अशा माणसाच्या गावात नगरपालिकेनं विकास आराखडा आणला.

त्याचं असं झालं, धारगाव वाढायला लागलं होतं. रुळाच्या बाजूला प्लॉटिंग पडलं, माळावर घरं उगवली, आणि गटारं मात्र होती तिथंच राहिली. पावसाळ्यात माळावरचं पाणी थेट बाजारातल्या दुकानांत शिरायचं. म्हणून पालिकेनं ठरवलं, की आता गाव वाढायचं तर रीतसर वाढेल. रस्ता कुठून जाईल, शाळा कुठं, दवाखाना कुठं, घरं कुठं बांधायची, हे सगळं रंगवून एक भलाथोरला नकाशा पालिकेच्या व्हरांड्यात लावला. रिक्षाला भोंगा बांधून गावभर सांगितलं, "ज्यांची हरकत असेल त्यांनी मुदतीत लेखी द्या हो! नियोजन समिती तुमचं ऐकून घेईल हो!"

"ऐकून घेतेत म्हणं!" लिंबाजी बायकोला म्हणाला. "सरकार कधी कुणाचं ऐकतंय का? ह्याच्यात कायतरी हाय."

केवळाबाई म्हणाली, "आवो, आपला प्लॉट कुठं आलाय तेवढं बगून या की. तिथंच माझी गिरणी हुभी राहायचीय."

तो प्लॉट म्हणजे या दोघांचा जीव की प्राण! वालूरकडची शेती भावाला करायला दिली, शेळ्यांचा सगळा कळप विकला, तेव्हा कुठं माळावरच्या नव्या वस्तीत हा कोपऱ्याचा प्लॉट हाती आला. तिथं मागं राहायला दोन खोल्या आणि पुढं पिठाची गिरणी, असं केवळाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. नव्या वस्तीतल्या बाया डोक्यावर डबा घेऊन दळणाला पार बाजारात जायच्या. मानवतला जाऊन केवळाबाई गिरणीची मशीनसुद्धा बघून आली होती. तिथून आल्यापासून ती झोपेतही मशीनचा आवाज काढायची, असं लिंबाजी म्हणतो.

तर लिंबाजी आपल्या वैष्णवीला घेऊन पालिकेत गेला. पोरगी कॉलेजात शिकत होती. नकाशापुढं ही गर्दी! वैष्णवीनं बोट फिरवत फिरवत प्लॉट शोधला.

"हा बघा आबा, आपला. पिवळा."

लिंबाजीनं नकाशाला नाक लावलं. "पिवळा?"

"हो, पिवळा."

"आन् ह्यो शेजारचा हिरवागार कुणाचा?"

"दिनकररावांचा."

झालं! लिंबाजीनं जन्मभर सोयाबीन केलेलं. पिवळं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पान पिवळं पडलं की रोग, आणि रोग आला की रान गेलं! हिरवं ते जिवंत, पिवळं ते संपलं. आणि या दिनकररावाचं बरं हिरवंगार, आपल्याच बांधाला लागून!

"आबा, तसं नाही," वैष्णवी समजावून सांगायला लागली. "इथं कोपऱ्यात लिहिलंय. पिवळं म्हणजे राहायची जागा. हिरवं म्हणजे बागेसाठी राखीव. तिथं मालकाला काही बांधता येत नाही."

"लिहिलंय कुणी?"

"पालिकेनं."

"मंग! चोर कधी लिहून ठिवतो का, म्या हितून चोरी करणार म्हणून? आन् लिहिलंय तेबी केवढं बारीक! बारीक अक्षरात कुणी खरं लिहीत न्हाई, पोरी."

"आबा, हळद पिवळीच असते की! शुभ असतंय पिवळं!"

"हळद लागली की पोरगी घरातून जातीच की! तसा प्लॉट जाईल!"

यावर वैष्णवीनं कपाळाला हात लावला.

घरी येताना दिनकरराव त्यांच्या ओट्यावर बसलेले दिसले. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेला सरळ माणूस, पण त्या दिवशी चेहरा असा, की घरात कुणी आजारी असावं. लिंबाजीला बघून म्हणाले, "लिंबाजी, तुझं नशीब लय चांगलं गड्या. तू पिवळ्यात आलास. माझं मात्र वाटोळं झालं बघ."

लिंबाजीनं तिथं नुसती मान हलवली. पण घरात पाय ठेवल्या ठेवल्या फुटला.

"बगितलं का केवळे? एवढं हिरवंगार मिळालंय, आन् तोंड पाडून बसलाय! दृष्ट लागू ने म्हणून! वरून मलाच म्हणायलाय, तुझं नशीब चांगलं! जखमेवर मीठ चोळायलाय!"

"आवो, पण पोरगी म्हणायली की..."

"पोरगी लहान हाय. तिला जग काय म्हाईत?"

दुसऱ्याच दिवशी लिंबाजीनं हरकत लिहून दिली. कुणाकडून लिहून घ्यावी तर लिहिणारा आपलं मनातलं दुसऱ्याला सांगायचा, म्हणून स्वतःच लिहिली. ओळ एकच: 'माझा प्लॉट दिनकररावासारखा हिरवा करून मिळावा.'

सुनावणीच्या दिवशी पालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढं टेबलामागं नियोजन समितीचे मेंबर आणि मधोमध नगररचनेच्या सुकेशनी मॅडम. प्रत्येकजण येऊन हात जोडत होता. "म्याडम, माझ्या जागेतून रस्ता काढू नका." "म्याडम, माझ्या जागेवरची शाळा पलीकडं सरकवा." बाग हवी सगळ्यांना, पण ती शेजाऱ्याच्या जागेत! दिनकरराव तर बोलता बोलता रडायलाच लागले. पोराचं घर बांधायचं म्हणून जागा घेतली होती त्यांनी.

मॅडम शांतपणे सगळ्यांना सांगत होत्या, "हे बघा, आज दाटीवाटीनं घरं बांधून मोकळे झालात, तर उद्या आगीचा बंब आत येणार कुठून? लेकरं खेळणार कुठं? कुठं तरी जागा सोडावीच लागेल. तुम्हीच सांगा, कुणाची सोडू?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आणि तेवढ्यात पुकारा झाला, "लिंबाजी!"

मॅडमनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"काका, हे चुकून लिहिलंय का?"

"चुकून न्हाई. इचार करून."

"तुमचा प्लॉट पिवळ्यात आहे. घर बांधा, दुकान काढा, काही अडचण नाही. हिरवा केला तर तिथं बाग होईल. तुम्हाला एक वीटही लावता येणार नाही."

लिंबाजी गालातल्या गालात हसला. म्हणजे यांना द्यायचं नाही तर!

"चालंल," तो म्हणाला.

"अहो काका, सरकारी भाव मिळेल तो मिळेल, पण कधी मिळेल ते मी नाही सांगू शकत."

"चालंल!"

"घरी विचारलंय का?"

"प्लॉट माझ्या नावावर हाय, म्याडम. घरच्यांच्या न्हाई."

मॅडम काकुळतीला आल्या. "काका, मी तुमच्या भल्याचं सांगते. परत एकदा विचार करा."

बस! इथं लिंबाजीची खात्रीच पटली. सरकारी माणूस आणि आपल्या भल्याचं सांगतो? घी देखा लेकिन बडगा नहीं देखा! त्यानं टेबलावर हात आपटला आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं ओरडला, "मला हिरवंच पाहिजे! दिनकररावाला हिरवं आन् मला पिवळं? ह्यो कुठला इन्साफ? मी इथून हलणार न्हाई!"

मग मागून कुणी तरी टाळी वाजवली. पाठोपाठ सगळ्यांनी वाजवली! गावात पहिल्यांदाच कुणी आपण होऊन बागेला जागा द्यायला निघालं होतं. एका म्हाताऱ्या मेंबरनं तर उठून लिंबाजीला मिठी मारली. कुठून तरी शाल आली, नारळ आला. लिंबाजीनं नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला. पाणी होतं. मग त्यानं सही केली.

काही दिवसांनी बदललेला नकाशा लागला; लिंबाजी बघायला गेला तोवर हरकतीची मुदत संपत आली होती. लिंबाजीचा प्लॉट हिरवागार! आणि बाग इकडं सरकल्यामुळं दिनकररावांचा पिवळा! लिंबाजीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बगितलं का केवळे? पिवळा पडला गडी!"

संध्याकाळी पिवळा पडलेला गडी पेढ्याचा पुडा घेऊन दारात हजर. वयानं मोठे असूनही दिनकरराव लिंबाजीच्या पाया पडायला वाकले!

"लिंबाजी, देवमाणूस हाईस तू. माझ्या जागेवरची बाग स्वतःवर घेतलीस! परवानगी मिळाली की पाया खांदायलोय. पहिलं आमंत्रण तुला."

"पाया?" लिंबाजीच्या हातातला पेढा हातातच राहिला. "पिवळ्यात पाया खांदू देतेत?"

"पिवळ्यातच तर देतेत की!"

दिनकरराव गेले. केवळाबाई चुलीपुढून उठली, पदर खोचला आणि नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आन् माझी गिरणी?"

लिंबाजीनं वैष्णवीकडं बघितलं. वैष्णवीनं छताकडं बघितलं.

"मी इचारायलेय, माझी गिरणी कुठं जाणार? बागेतल्या घसरगुंडीवर दळू का? माझ्या शेळ्या इकल्या, एकेक शेळी नावानं वळखत होते मी! आन् तुमी शाल पांघरून आलाव!" खोचलेला पदर तिनं डोळ्याला लावला. एवढी खमकी बाई, पण त्या रात्री जेवली नाही.

लिंबाजीला फार वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं. बायकोला रडताना त्यानं शेळ्या विकल्या त्या दिवशी बघितलं होतं, त्यानंतर आजच. सकाळी तो पालिका उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसला.

सुकेशनी मॅडमनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. "काका, मला वाटलंच होतं तुम्ही याल. घाबरू नका. आराखड्यात मोठा बदल झाला की तो पुन्हा लोकांपुढं ठेवावा लागतो. तुम्ही आताही हरकत घेऊ शकता. अर्ज मी तयार ठेवलाय. 'माझा प्लॉट पूर्वीसारखा पिवळा करावा.' फक्त सही करा, बाकी मी बघते. पण आज शेवटचा दिवस आहे हं!"

लिंबाजीचे डोळे भरून आले. त्यानं पेन घेतला. कागदावर टेकवला.

आणि थांबला.

खुर्ची दिली. चहा दिला. अर्जसुद्धा आधीच तयार! आपण न मागता! त्या दिवशी ही बाई नको नको म्हणत होती, आज करा करा म्हणते. त्या दिवशी ती खरं बोलली, हे मान्य. पण कशासाठी बोलली? भरवसा बसावा म्हणून! आणि वर शेवटच्या दिवसाची घाई. घाई कोण करतं? ज्याला माल खपवायचा असतो तो!

त्यानं पेन खाली ठेवला. "म्याडम, मी घरी इचारून येतो."

"काका, पण आज..."

"मागं तुमीच म्हणलाव की, घरी इचारा म्हणून!"

घरी विचारायला केवळाबाई घरी कुठं होती? ती वैष्णवीला घेऊन पिंगळीला भावाकडं गेली होती, निघताना दाराला कुलूप लावून. लिंबाजी ओट्यावर बसला. उलटसुलट विचार करत बसला. चहात काही घातलं असेल का, यावरही जरा विचार केला. तेवढ्यात पालिकेची कचेरी बंद झाली.

बाग छान झाली. लेकरं खेळतात, म्हातारी माणसं बसतात. पलीकडं दिनकररावांनी घर बांधलं, खाली एक गाळा काढला, आणि त्या गाळ्यात केवळाबाईची गिरणी सुरू झाली. भाड्यानं! दळण एवढं, की तिला मान वर करायला फुरसत नाही. लिंबाजी बागेतल्या बाकावर बसून तिकडं बघत राहतो.

परवा न राहवून तो गिरणीत गेला. "केवळे, मला एकदा सांग. मला नेमकं फसवलं कुणी? त्या म्याडमनं का दिनकररावानं?"

केवळाबाईनं गिरणी बंद केली. तोंडावरचं पीठ पुसलं.

"कुणीच न्हाई. पोरगी खरं बोलली. दिनकरराव खरं बोलले. म्याडम तर दोन्ही टायमाला खरं बोलली. सगळ्याच्या सगळ्यांनी तुमाला खरं तेच सांगितलं."

लिंबाजीनं बोटांवर एकेक नाव मोजलं. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला,

"सगळेच खरं बोलले? सगळेच? म्हंजे आधीच मिळून ठरवलं असणार गं!"