शून्यावर पडलेला खंडू

आमच्या शास्त्री नगरातले वानखडेकाका फासा टाकून भाजी घेतात. खिशातून वीस बाजूंचा निळा फासा निघतो आणि टोमॅटोशेजारी पडतो. दहाच्या वर आला तर भेंडी, खाली आला तर टिंडे. भाजीवाला भैया आता काय हवं ते विचारतही नाही, गाड्यावर फाशापुरती जागा करून देतो. मी कारण विचारलं तर म्हणाले, माणसानं निर्णय घेतला की भांडणं होतात, फाशावर कोणी रुसत नाही.

काका मूळचे अकोल्याचे. रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते, निवृत्तीनंतर इथेच एकटे राहिले. बदली होऊन मी जयपूरला आले, तेव्हा मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून आनंदानं त्यांच्याकडे चहाला गेले आणि तासाभरात चेटकीण होऊन बाहेर पडले. त्याचं असं की काकांचा एक खेळ आहे. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याचे गुण कागदावर लिहायचे आणि काका सांगतील त्या काल्पनिक भुयारात फासे टाकत शिरायचं. मार बसला की प्राणांक, म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण, कमी होतात. नियम एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्समधले. मी हुज्जत घातली की काकांचं ठरलेलं वाक्य येतं, "पुस्तकात काय लिहेल हाय, थे सांग."

या खेळावर इंटरनेटवर एक विनोदी चित्रमालिका चालते. काका ती अजिबात न हसता, चुका काढण्यासाठी वाचतात. गेल्या महिन्यात तिच्यातला एक बुटका योद्धा शून्य प्राणांकावर कोसळला आणि त्याचे सोबती निवांत डबा खात बसले. म्हणे जुन्या नियमानं उणे दहापर्यंत कोणी मरत नाही. खाली वाचकांची जुंपली. काकांनी तर चित्रकाराला सरकारी इंग्रजीत, विषय आणि संदर्भ घालून, कळवलं की शून्य म्हणजे मृत्यू. दिवसाला चार-चार पत्रं जायला लागली.

मला हसू आवरेना, तेव्हा त्यांनी खोब्रागड्यांची गोष्ट सांगितली. खोब्रागडे म्हणजे त्यांचे ऑफिसातले जिवलग मित्र. दोन वर्षं दर रविवारी त्यांनी खंडू नावाचा बुटका योद्धा लेकरासारखा वाढवला होता. एका रविवारी खंडू नेमका शून्यावर आला आणि काकांनी पुस्तकाकडे बोट दाखवून त्याला मेला म्हणून जाहीर केलं. खोब्रागडे कागदाची घडी घालून निघून गेले. मग त्यांची बदली झाली आणि बोलणं संपलं. याला तीस वर्षं झाली. त्या दिवशी आपण बरोबर होतो, एवढंच काकांना सिद्ध करायचं होतं.

आणि एका रविवारी सकाळी कुणीतरी पुस्तकातल्या त्या पानाचा फोटोच टाकला. शून्यावर नुसता बेशुद्ध, उणे दहावर मृत्यू, मधे कोणी जखम बांधली तर जीव वाचतो. काकांनी मला हाक मारून झेरॉक्स दाखवली. एक्क्याऐंशीव्या पानाच्या तळाशी 'शून्यावर पात्र पडतं' एवढंच, आणि त्यानंतर थेट चौऱ्याऐंशी. झेरॉक्स त्यांनी स्वतः काढली होती आणि पानं चिकटून उलटली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदवह्या तपासलेला माणूस, पण हे कधी दिसलं नाही. मला फार वाईट वाटलं.

खोब्रागड्यांना फोन करावा का, हे ठरवायला त्यांनी फासा काढला. मी तो उचलून मुठीत धरला.

"पुस्तकात लिहिलेलं सांगायला फासा कशाला लागतो, काका?"

शेवटी जुन्या ऑफिसातून नंबर मिळाला आणि स्पीकरवर फोन लागला. काका ताठ बसून, अहवाल दिल्यासारखे बोलले. "वानखडे बोलतो. खंडू मेला नव्हता. माह्याच्यानं पान सुटलं होतं." काकांचा आवाज उतरला. "जखम बांधली तं जगते तो. पन मंग हप्ताभर आराम लागते त्याले, असं लिहेल हाय."

खोब्रागड्यांनी घसा खाकरला.

"तीस वर्सं आराम झाला न त्याचा, वानखडे. आता उठव त्याले."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, बराच वेळ पुसला. पुढच्या रविवारपासून खोब्रागडे व्हिडिओ कॉलवर खेळणार, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर काकांनी सरळ अर्धा किलो भेंडी मागितली. भैया तराजू हातात धरून थांबलाच. मग त्यानं काळजीनं विचारलं, "अंकलजी, तबीयत तो ठीक है?"