सुनेत्रा वाघमोडे हिच्या अठरा दिवसांची हकीकत

श्री. जें तोंडानें बोलवत नाहीं तें लेखणीकडून वदविणाऱ्या शारदेस नमन. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं एका राज्यांत मुलींचें थोर महाविद्यालय होतें, आणि तेथें वसुधाबाई निमकर शरीरशास्त्र शिकवीत असत. बाईंचे मनांत आलें कीं मुलींस आपल्या पाळीचें ज्ञान कितपत आहे तें पाहावें, मग त्यांनीं बिननांवाचे कागद वाटिले. कोणी लिहिलें, हें रक्त पोटांतून येतें, कोणी लिहिलें, अंगांतली घाण जाते, ती अडवूं नये, आणि एका कागदाचे पाठीमागें बारीक अक्षरांत सवाल होता, "अठरा दिवस जातं. किती दिवस झाले म्हणजे सांगायचं असतं?"

बाई चिंतावल्या. दुसरे दिवशीं वर्गांत येऊन म्हणाल्या, "हे जिनं लिहिलं तिनं मला एकटीला भेटावं. आजच भेटावं." वर्ग माना खालीं घालोन बसला. लिहिणारी सुनेत्रा वाघमोडे तिसरे बाकावर होती, ती उठूं लागली, आणि शेजारीं वसतिगृहांतली तिची सोबतीण जयवंती होती, तिनें गुडघ्यावर हात दाबून म्हटलें, "खाली बस. सगळ्या बघतायत." सुनेत्रा बसली. मग संध्याकाळीं तिनें आईस फोन केला. आई म्हणाली, "मलाही तसंच जायचं. लग्नानंतर होतं ठीक. बाहेर बोलू नकोस." पुढें सुनेत्रेचा चेहरा पांढरा पडला, जिना चढतां दम लागों लागला, तरी रेक्टरबाईंस "अशक्तपणा आहे" इतकेंच सांगे, आणि त्या गूळ-शेंगदाणे खाण्याची आज्ञा करीत. पौषांत एके सकाळीं न्हाणीघरांत पडली. दवाखान्यांत नेली, तों डॉक्टर म्हणाले, "अंगात रक्तच उरलेलं नाही. इतके दिवस काय करत होता?" रक्ताची पिशवी येईपर्यंत प्राण गेला. वय एकोणीस.

मग शोकसभा भरली, आणि प्राचार्यसाहेब बोलिले कीं कुमारी सुनेत्रा अल्पशा तापानें गेली. तेव्हां जयवंती उभी राहिली आणि म्हणाली, "ताप नव्हता सर. पाळीचं रक्त थांबत नव्हतं. ती बाईंना सांगायला उठत होती, मी बसवलं तिला." प्राचार्यसाहेबांनीं दोन मिनिटें मौनाचा हुकूम केला.

आठवडा न लोटतां जयवंतीचे वडील आले, चारचौघांत असलें बोलते म्हणोन कॉलेजांतून नांव काढून तिला घरीं घेऊन निघाले. जातेवेळीं तिनें बाईंस विचारिलें, "मी अडवलं नसतं तर जगली असती का?" बाई म्हणाल्या, "बहुतेक जगली असती. पण तुला हे आम्ही आधी शिकवायला हवं होतं."

सारांश, व्याधि औषधानें आटोक्यांत येणारी होती, आणि मुलगी गेली. त्यानंतर तीन मुली बाईंकडे आपण होऊन आल्या; त्यांस घेऊन बाई त्याच दिवशीं डॉक्टरांकडे गेल्या. बाकीच्या आल्या नाहींत.