चिमणीची नेमणूक

बोरटोल्याचं कोळशावरचं वीज केंद्र बंद झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या चिमणीने नव्या जागेसाठी अर्ज केला.

अर्ज नियमातच होता. राज्याने सूर्याची वीज घ्यायचं ठरवलं, तेव्हा आदेशात लिहिलं होतं की केंद्रातल्या कुणालाही दुसरं काम दिल्याशिवाय काढायचं नाही.

आस्थापना शाखेच्या कुंदा मडावींनी चारशे बारा जणांना मार्गी लावलं होतं. कोळसा मोजणारे आता सौर पट्ट्या धूत होते, भट्टीवाले तारा जोडत होते. यादीत उरली एकटी चिमणी. वय एकेचाळीस वर्षं, उंची दोनशे मीटर. आदेशाची मुदत सोमवारपर्यंत होती; तोवर जागा मिळाली नाही तर तिला सुरुंग लावून पाडणार होते. कुंदाबाईंना तिची फार कणव आली. तिने गावाला जन्मभर राख खाऊ घातली हे खरं, पण हुकमाची ताबेदार, ती तरी काय करणार!

कुंदाबाई खुर्ची घेऊन तिच्या पायथ्याशी गेल्या.

"अनुभव?"

"धूर वर सोडाचा," चिमणी म्हणाली. "दुसरं कोनी शिकवलंच नाई मले."

"सौर प्रकल्पात घेतलं असतं. पन तुमची सावली पट्ट्यांवर पडते म्हन्ते साहेब."

"पडते ना बाई. उभं रायलं का पडतेच."

कुंदाबाई फॉर्मचे बाकीचे रकाने भरत बसल्या. मे महिना होता, पारा सेहेचाळीसवर. आभाळ निवळलं होतं, गच्च्यांवर पहिल्यांदाच उघड्यावर पापड वाळत होते. पण जुन्या धुराने तापलेली हवा एका उन्हाळ्यात थोडीच निवते? गावचा बाजार सकाळी नऊलाच उठायचा आणि भाजी तशीच सुकून जायची. आपण मात्र तासभर गारव्यात बसलोय, हे कुंदाबाईंच्या ध्यानात आलं. तेवढ्यात त्यांनी खुर्ची दोनदा सरकवली होती.

त्यांनी प्रस्ताव लिहिला. पद : सावली. ठिकाण : बाजार.

मंजुरी देणाऱ्या निमगडे साहेबांनी चष्मा पुसला. "सावली एका जागी टिकत नाही."

"फिरतीची नोकरी आहे, साहेब. बाजार तिच्यामागे फिरेल. बाजारवाल्यांच्या सह्या जोडल्यात."

"आणि भर दुपारी? तेव्हा ती पायाशी येते."

"जेवणाची सुट्टी."

साहेबांनी नियमावली उलटसुलट चाळली. सुट्टीला हरकत घेता येईना, म्हणून सही केली.

सोमवारी आठ वाजता पाडकामाचा मुकादम हनीफभाई सुरुंगांची गाडी घेऊन हजर झाला. बाजार तोवर भरला होता. चिमणीच्या सावलीत वांगी, मिरच्या, मडकी अशी लांबच लांब एक ओळ लागली होती. कुंदाबाईंनी नेमणुकीचा कागद पुढे केला.

हनीफभाईने कागद दोनदा वाचला. मग वर बघितलं. बाहेर ऊन रणरणत होतं. त्याने गाडी वळवली, मडक्यांच्या शेजारी सावलीत लावली आणि एका फळवालीकडून कलिंगडाची फोड घेतली.

"भाऊ," कुंदाबाई म्हणाल्या, "अर्ध्या तासानं गाडी जराशी सरकवा लागन बरं."