गुडघ्याचा प्रस्ताव आणि कोटाची बाही

विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन समितीची बैठक अकराला होती आणि साडेनऊला शिंपीकाकांना प्रस्ताव सापडला, तो कोटाच्या बाहीच्या आकारात.

"अगं, हे काय केलंस?"

"पेपर कटिंग. कापडावर ठेवून कापायला." काकू पाय लांब करून गुडघा चोळत होत्या. "गिऱ्हाईकाला कोट द्यायचाय. कागद छान जाड होता."

"संशोधनाला पैसे द्यायचे की नाही, ते मी हे वाचून सांगायचं होतं!"

"मग तो गठ्ठा महिनाभर मशीनवर का लोळत होता?"

काकांनी बाही उलटीपालटी करून पाहिली. समितीत सामान्य माणूसही हवा म्हणून विद्यापीठाने त्यांना घेतलं, तेव्हापासून ते गल्लीत मान ताठ करून चालत. वाचायचं मात्र रोज उद्यावर जाई. काकूंना विचारण्यात अर्थ नव्हता. त्या साठीनंतर अक्षरं शिकलेल्या, वर्तमानपत्राचा मथळासुद्धा काकाच त्यांना वाचून दाखवत. आता अठ्ठावीसपैकी सत्तावीस पानं चिकटवून त्यांच्या दोन बाह्या, एक कॉलर आणि अर्धी पाठ झाली होती. धड उरलं होतं एकच पान. काकांनी सगळं पिशवीत कोंबलं.

बैठकीत तीन डॉक्टर, दोन प्राध्यापक आणि अध्यक्षबाई होत्या. गुडघेदुखीवरच्या व्यायामाचा प्रस्ताव. "आराखडा उत्तम," एक जण म्हणाले. "आकडे चोख," दुसरे म्हणाले. काकाही मान डोलवत राहिले. सदरा पाठीला चिकटला होता.

"काका, तुमचं मत? पान नऊवरचा तक्ता बघितलात ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काकांनी पिशवीत हात घातला. बाहेर बाही आली. नववं पान नेमकं कोपरावर आलं होतं, तेही अर्धं.

"हे काय आहे?"

"बाही," काका म्हणाले. थाप मारायचंही त्राण उरलं नव्हतं. "बायकोने कापली. मी काही वाचलेलं नाही, बाई. हे एवढं पान शाबूत आहे."

"मग तेच वाचा," अध्यक्षबाई कोरडेपणाने म्हणाल्या.

काका मोठ्याने वाचू लागले. "रुग्णांनी आठवड्यातून दोनदा तिसऱ्या मजल्यावरील केंद्रात यावे. इमारतीस लिफ्ट नाही."

ते थांबले. पुन्हा वाचलं.

"म्हणजे गुडघेवाल्यांनी तीन जिने चढायचे? आमची ही दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना दोनदा टेकते. आणि जो चढून येईल, त्याला तुमच्या व्यायामाची गरज काय?"

एका डॉक्टरांनी आपली प्रत हळूच चाळायला घेतली. मग सगळ्यांनीच. ते पान सापडायला प्रत्येकाला बराच वेळ लागला.

केंद्र तळमजल्यावर आणल्याशिवाय निधी नाही, असं ठरलं.

घरी येऊन काकांनी सगळं रंगवून सांगितलं. "आणि नशीब बघ, एवढी पानं कापलीस, पण नेमकं तेच वाचलं!"

"नशीब कसलं?" काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "पंधरा दिवस मी बोट ठेवून सगळं वाचत होते. बाकी नुसते आकडे. माणसांनी यायचं कसं, ते त्या एकाच पानावर होतं. म्हणून ठेवलं."

 काकांनी पिशवीतून बाह्या काढून दिल्या. खाली पुढच्या बैठकीचा जाड लिफाफा होता. तो त्यांनी मशीनवर न ठेवता काकूंच्या मांडीवर ठेवला.

"कात्री मात्र इकडे दे," ते म्हणाले.