कडी, कॉइल आणि नानांची कटती

रावेरच्या आमच्या गल्लीतले नाना कोणत्याही गोष्टीतून आधी दांडा कापतात, मग उरेल तेवढी खरी मानतात.

सवय केळीतली. घड काट्यावर चढला की व्यापारी दांड्याचं वजन वजा करतो, कारण दांडा कोणी खात नाही. जन्मभर ही कटती सोसून नानांनी शेवटी तीच साऱ्या जगाला लावली. पाहुण्यानं फोनवर सांगितलं की दहा मिनिटांत पोचतो, तर नाना म्हणणार, "दांडा कापून सांग." पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की, "निस्ता दांडा होता भो. घड घरीच ठेवून आला."

माझे वडील केळीचे घड डोक्यावर वाहून ट्रक भरायचे. आमची एकच खोली, त्यात सहा माणसं. अभ्यासाला मी नानांच्या पुढच्या खोलीत जायची. दार वाजवलं की नानांच्या बायको, अक्का, स्वतः येऊन कडी काढायच्या. "ये व माय," म्हणायच्या. माझ्या परीक्षेच्या दिवसांत कोणी गप्पा मारायला आलं तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवायच्या. त्या घरात कोण यावं, हे अक्का ठरवायच्या. नानासुद्धा वाजवूनच आत जायचे.

तिथं बसून मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. आमच्या घराण्यात पहिली. पेढे द्यायला गेले आणि फर्स्ट क्लास म्हटलं. नानांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "दांडा कापून किती उरला?" अक्कांनी त्यांच्या हातातला दुसरा पेढा काढून घेतला.

पुढं मी जळगावला कारखान्यात नोकरीला लागले. गेल्या वर्षी अक्कांची उजवी बाजू लुळी पडली. त्या खाटेवर, नाना शेतात, म्हणून दार दिवसभर उघडं. जो येईल तो थेट खाटेपाशी. केस मोकळे असोत, लुगडं विस्कटलेलं असो, माणसं येऊन हळहळायची. अक्कांनी भिंतीकडं तोंड केलं आणि बोलणं सोडलं.

सुट्टीला मी रावेरला घरी येते. अशाच एका रविवारी नाना माझ्याकडं आले.

"इंजिनेरीणबाई, अक्काच्या डाव्या हाताशी बटन पाह्यजे. ते दाबलं की कडी उघडली पाह्यजे. तिनं दाबलं तरच."

"काहून नाना?"

"कुत्रं येतं घरात."

जाऊन पाहिलं तर विजेची कडी त्यांनी आधीच आणून दाराला बसवली होती. तिच्यात सोलेनॉइड असतो. म्हणजे तारेचं वेटोळं, त्यालाच कॉइल म्हणतात, आणि आत लोखंडी दांडी. वेटोळ्यात करंट गेला की दांडी आत ओढली जाते आणि कडी सुटते. नानांनी ती मोबाईलच्या चार्जरला जोडली होती.

"निस्ती खोकते," ते म्हणाले.

चार्जर पाच व्होल्टचा, कॉइल बारा व्होल्टची. खोकणारच. मी बारा व्होल्ट दिले. कडी टक् करून उघडली. मला वाटलं, झालं काम. नाना बाहेर गेले आणि दाराला पाठ लावून रेलले. "आता उघड." दांडी जागची हलेना.

"आपल्याकडं माणूस हाक मारता मारता दार ढकलतो," नाना म्हणाले. "ढकललेलं दार उघडलं पाह्यजे."

म्हणजे मोठी कॉइल, जास्त करंट आणि तो पुरवणारा सप्लाय. नानांनी तशी मोठी कडी आणली, बाहेरून किल्लीनंही उघडणारी. ती फळीवर ठोकली, फळी पिशवीत घातली आणि एसटीनं जळगावला आले. मुलगी द्यायला स्थळं पाहावीत तसे आम्ही सप्लाय पाहत फिरलो. दुकानदार म्हणाला, "यावर पाच अँपिअर लिहिलंय, नाना."

"लिहिलं ना? दांडा काप. आणि तू रेल या फळीवर."

दुकानदार रेलला. कडी अडली. तिसऱ्या दुकानातला सप्लाय पास झाला, पण तिथला मालक मला हळूच विचारत होता, "यांच्याकडं तिजोरी आहे का?"

घरी जोडला आणि वीज गेली. अक्का आत, गल्ली बाहेर. नाना उठले आणि फवारणीच्या पाठपंपातली बॅटरी काढून घेऊन आले. बारा व्होल्टची, भरपूर करंट देणारी. सप्लाय परत केला, बॅटरीला चार्जर लावून ठेवला.

"नाना, केळीवर करपा आलाय. फवारणी?"

"हातपंप आहे ना. मले हात आहेत."

आता ड्रायव्हर, म्हणजे बटण आणि कॉइलच्या मधलं सर्किट. अक्कांच्या बोटांत जोर नव्हता, बटण हलकं हवं. हलक्या बटणातून कॉइलचा करंट नेला तर बटण जळतं. मी सांगितलं, "बटण नुसता इशारा देईल. भार मधला मॉसफेट उचलेल, तो इलेक्ट्रॉनिक स्विच."

"म्हणजे अक्का सांगील, हमाल उचलील."

"हो. हमालाचं मला सांगू नका, मी हमालाची पोर आहे."

"मंग पक्का घे. दांडा कापून."

मी गरजेच्या तिपटीचा घेतला. कॉइलवर उलटा डायोडही टाकला. करंट तोडला की कॉइल उलटा झटका मारते, डायोड तो तिच्यातच जिरवतो. नानांना हे फार आवडलं. "घरातलं भांडण घरातच. बरं केलं."

पहिल्यांदा अक्कांनी बटण दाबलं आणि त्यांचं बोट तिथंच राहिलं. कॉइल तापली. नानांनी तिच्यावर हात ठेवला, चटका बसला, पण अक्कांसमोर हूं का चूं केलं नाही. मी टायमर बसवला. बोट कितीही वेळ राहो, करंट क्षणभरच. मग नाना बाहेर जाऊन दाराला पाठ लावून रेलले. अक्कांनी बटण दाबलं. नाना पाठमोरेच घरात आले.

पुढच्या रविवारी पाहते तर नाना दुधाची पिशवी घेऊन ओट्यावर उन्हात उभे. दार बंद. वीज नव्हती.

"नाना, किल्ली विसरले का?"

त्यांनी खिसा थोपटला. किल्ली खिशातच होती.

"मग?"

"वाजवलं मी. केस सारखे करत असंल."

"बॅटरी पाहू का?"

"थांब व माय. दार तिचं आहे. तिले लागंल तेवढा वेळ लागू दे."

आम्ही थांबलो. दूध उन्हात होतं, नाना घाम पुसत होते, पण हात खिशाकडं गेला नाही. टक् आवाज झाला. तरी ते उंबऱ्याबाहेरच.

"या," आतून अक्का म्हणाल्या. आवाज जड, पण शब्द पुरता.

नाना चपला काढून आत गेले.

त्या घराची कडी आता पुन्हा अक्का काढतात.