पाचव्या पानाचा कोपरा

सकाळचे आठही वाजले नव्हते. हुडकेश्वरच्या गिरीपुंजे बंगल्यासमोर एक माणूस खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकून, मान खाली घालून येऊन उभा राहिला. ताजा अंक घेऊन धावत आलेल्या देवरावने त्याला फाटकातच अडवलं. आत बंगल्यात रामाजी गिरीपुंजे आंघोळ करत होते. आज त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. आणि तो माणूस देवरावला विचारत होता, "किती वाजता काढणार आहे जी?"

"काय काढणार?"

"बॉडी."

देवराव 'दैनिक खणखणीत'मध्ये उपसंपादक होता, आणि हा सगळा घोळ त्या पेपरातूनच निघाला होता. 'खणखणीत' याच उन्हाळ्यात विकला गेला. घेतला रामाजींच्या मुलाने, सुशीलने. सुशीलचा धंदा ले-आउट पाडून प्लॉट विकण्याचा. पेपर हाती आल्यावर त्याने त्याचेही प्लॉट पाडले. पहिल्या पानावर ले-आउटची जाहिरात, दुसऱ्यावर सुशीलचा फोटो, तिसऱ्यावर सुशीलला भेटलेल्या लोकांचे फोटो. नळाला पाणी नाही, रस्त्यात खड्डा पडलाय, असल्या बातम्या बंद. "पब्लिकले सकाळी सकाळी पॉझिटिव्ह पाहिजे," असं म्हणून त्याच झटक्यात त्याने पाचव्या पानावरची निधनवार्ताही बंद करून टाकली.

आता बोला! 'खणखणीत'चा वाचक अंक उघडायचा तोच मुळी पाचव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. कोण गेलं, अंत्ययात्रा कुठून निघणार, कोणत्या घाटावर जाणार, हे बघितल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. आणि बघायचं म्हणजे फोटोच बघायचा. ओळखीचा चेहरा दिसला की दुपट्टा उचलायचा आणि निघायचं. खालचा मजकूर वाचत बसलं तर अंत्ययात्रा निघून जाते.

हा कोपरा वर्षानुवर्षं देवराव लावत असे. तो बंद झाल्यावर सुशीलने त्याला ऐकवून ठेवलं होतं, "देवराव, तुमचं काम काय तेच मले समजून नाई राहिलं. एक चूक झाली की घरी." या वयात दुसरा कोणता पेपर आपल्याला दारात उभं करणार, या विचाराने देवरावची झोप उडाली होती.

आणि काल सुशीलने वडिलांचा फोटो त्याच्या हातात दिला. "बाबांचा वाढदिवस आहे. पाचव्या पानावर छान लावा." पाचव्या पानावर कुठे, ते काही तो बोलला नाही. देवरावचा हात सवयीने जिथे जायचा तिथेच गेला. तो रिकामा कोपरा त्याला तसाही बघवत नव्हता. वर शोभेला म्हणून त्याने फोटोभोवती झेंडूच्या फुलांची चौकट टाकली. स्क्रीनवर ती कशी पिवळीधमक दिसत होती! पाचवं पान काळंपांढरं छापतात, हे त्या आनंदात तो विसरला. सकाळी अंक आला तेव्हा रामाजी कोपऱ्यात होते आणि त्यांच्या फोटोला हार घातलेला होता. खाली ठळक अक्षरात 'वाढदिवसानिमित्त अभीष्टचिंतन' होतं. पण वाचतो कोण?

"अहो, रामाजी जिवंत आहेत," देवराव त्या माणसाला म्हणाला.

"हो जी," तो डोळे पुसत म्हणाला. "अशी माणसं मरत नसतात."

एवढ्यात सक्करदऱ्याची चुलत मंडळी दोन ऑटो करून आली. सुशीलने वाढदिवसासाठी दारात पांढरा मांडव टाकून खुर्च्या मांडल्या होत्या. कुणाच्या मनात थोडी शंका असेल, तर ती मांडव बघून फिटत होती. रामाजींनी सारा जन्म कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत केली, तेव्हा तिकडूनही टेम्पो भरून आला. त्यातून हातात मडकं घेऊन नत्थू उतरला. त्याच्यामागे दोघांच्या खांद्यावर बांबू होते. नत्थूचा गाळा रामाजींच्या गाळ्याला लागून, आणि मधल्या ओट्यावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

रेशमी कुर्ता घातलेला सुशील बाहेर आला आणि बांबू बघून जागच्या जागी थांबला. "हे काय होऊन राहिलं?"

देवरावने पाचवं पान उघडून धरलं. सुशीलचा चेहरा पडला. रामाजींच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"देवराव," तो दात आवळून म्हणाला, "बाबा आंघोळ-पूजा आटोपून बाहेर यायच्या आत हे लोक हटले नाई, तर तुमची नोकरी गेली. अन् बाबांले काही झालं तर…"

सुशीलची बायको शामला त्यातल्या त्यात डोकं ठिकाणावर असलेली. ती म्हणाली, "बसवा सगळ्यांले अन् पोहे द्या. कोणी मेलं नाई, हे आपोआप समजते."

पोहे तयारच होते. वाढपी प्लेटा घेऊन मांडवात शिरला आणि एकच गहजब झाला. अजून मयत निघालं नाही, घरात चूल पेटायची नाही आणि इथे पोह्यांवर शेव पडत होती!

"बाप आत पडला आहे अन् हा पोहे वाढून राहिला!" नत्थू कडाडला.

"तर्री बी आहे जी," वाढपी म्हणाला.

"नत्थूकाका, बाबा एकदम ठीक आहेत!" सुशील धावत आला. "आंघोळ करून राहिले!"

"आंघोळ घालून बी झाली काय?" असं म्हणून नत्थूने त्याला छातीशी आवळून धरलं. "रड गा पोरा, रड. डोक्यावर परिणाम होते असं दाबून ठेवलं तर." सुशील आतून काहीतरी ओरडत होता, पण नत्थूच्या दुपट्ट्यात ते कोणाला ऐकू येईना.

देवराव हात जोडत खुर्च्यांमधून फिरू लागला. "हळू रडा जी, मेहेरबानी करा, हळू रडा." मंडळी समजूतदार होती. सगळे हळू रडू लागले. आतून पूजेच्या घंटीचा आवाज येत होता तोवर देवरावच्या जिवात जीव होता. मग घंटी थांबली, आणि नेमक्या त्याच वेळी रामाजींची बहीण पार्वतीबाई ऑटोतून उतरली. तिला हळू रडायला सांगण्याची कोणाची छाती होती?

"दादाऽऽ! मले सोडून कसा गेला गा माझा दादाऽऽ!"

दार उघडलं. कपाळाला गंध लावलेले रामाजी उंबऱ्यात उभे होते.

"कोणाले सोडून कोण गेलं वं?"

नत्थूच्या हातातलं मडकं खाली पडून फुटलं. रामाजींनी मांडव बघितला, बांबू बघितले, आणि देवरावच्या हातातला पेपर ओढून घेतला. मग त्यांचा हात सावकाश छातीकडे गेला. शामला धावली, सुशील "बाबा!" म्हणून ओरडला, देवरावने मांडवाचा खांब धरला. रामाजींनी बंडीच्या खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

"हार जरा जाडच झाला," पान बघून ते म्हणाले. मग त्यांनी मांडवभर नजर फिरवली. "सुशीलनं फोन करकरून बोलावलेला एक बी साहेब अजून आला नाई. अन् तुम्ही सगळे न बोलावता आले? नत्थू, तू बी?"

"येणारच न. मेल्यावर भांडण कायचं?"

"मग जिवंतपणी काहून नाई आला?"

"तू बोलावलं काय?" नत्थूने नाक ओढलं.

रामाजी हसले. खुर्ची ओढून बसले आणि पोह्याची प्लेट मागितली. ते बघून मंडळीही बसली, आणि मांडवात पहिल्यांदा कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. देवरावला वाटलं, सुटलो. एवढ्यात घास हातात धरून रामाजींनी विचारलं, "अन् चंद्रभान काहून नाई दिसून राहिला? माझ्यासाठी तर तो सगळ्यात पहिले येईल."

सगळ्यांनी नत्थूकडे बघितलं. शेवटी नत्थू म्हणाला, "चंद्रभान गेला न, बावा. मागच्या आठवड्यात."

"मले कोणी सांगितलं नाई."

"आम्हालेच दुसऱ्या दिवशी समजलं. पेपरात आलंच नाई. खांद्याले माणसं कमी पडली म्हणे."

रामाजींनी घास प्लेटमध्ये ठेवला. कळमन्यात नवे असताना त्यांचं पहिलं पोतं चंद्रभानने उतरवून घेतलं होतं. आपल्या मरणाला धावून आलेल्या माणसांसमोर ते रडले, आणि पार्वतीबाई पदराने त्यांचे डोळे पुसत राहिली.

"बाबा, ते जरा निगेटिव्ह वाटते म्हणून…" सुशीलने सुरुवात केली.

"उद्यापासून कोपरा चालू," रामाजी देवरावकडे बोट दाखवत म्हणाले. "पहिला फोटो चंद्रभानचा. अन् कोपरा हाच माणूस लावेल."

"हो, बाबा," सुशील म्हणाला. तो देवरावकडे बघत नव्हता.

देवरावच्या डोळ्यांत पाणी आलं. नमस्कार करून तो निघाला तेव्हा रामाजींनी त्याला हाक मारली.

"इकडं ये गा. हा माझा फोटो नको ठेवू, यात बिमार दिसतो. दुसरा देतो, तो तुझ्याजवळ राहू दे. अंत्ययात्रा सकाळची टाक, उन्हात लोकांचे हाल होतात. तारखेची जागा मात्र मोकळी सोड. घाई नाई."