सहावी खाच

"कसे आहात काका?" असं विचारलं की सबनीसकाका सांगतात, "चेन जरा सैल आहे."

परदेशात, तोआ पायोहच्या वस्तीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ जहाजावर चीफ इंजिनिअर होते. इथल्या नियमाप्रमाणे हलक्या गाडीपासून एकेक परवान्याची पायरी चढत त्यांनी पन्नाशीत साडेसहाशे सीसीची मोटरसायकल घेतली. नेकेड. म्हणजे इंजिनावर फेअरिंगचं आवरण नाही. फ्रेम, पाइप, बोल्ट, सगळं उघडं. "झाकपाक नाही!" हे काकांचं पालुपद. माणसंही ते याच मापाने मोजतात. माझ्या गोडबोल्या मॅनेजरला ते 'फुल फेअरिंग' म्हणतात, आणि एकदा तर त्याच्या तोंडावर म्हणाले.

मागच्या वर्षी काकांच्या पत्नी, नलूकाकू, गेल्या. आम्ही भेटायला गेलो तर काकांनी अर्धा तास स्लिपर क्लच समजावला. वेगात असताना गिअर भसकन खाली टाकला तरी मागचं चाक अडकत नाही, हा त्याचा गुण. माझी बायको डोळे पुसत ऐकत होती. मला मात्र रागच आला. बाई जाऊन चार दिवस झाले नाहीत, आणि हा माणूस क्लच घेऊन बसलाय!

तरी रविवारी सकाळी कारपार्कमध्ये मी त्यांच्या हाताखाली असतोच. हळूहळू मलाही पाने कळायला लागले. काकांची पाठ हल्ली फार दुखायची; गाडीवरून उतरले की खांबाला धरून उभे राहायचे. गेल्या रविवारी ते वर चहा आणायला गेले, तेव्हा मी मागच्या चाकाचा शॉक ॲब्सॉर्बर पाहिला. स्प्रिंग सातपैकी सहाव्या खाचेवर होती, दोघं बसणार असले की ठेवतात तशी कडक. एकट्या माणसाला ती धक्केच देणार. मी मोठ्या शहाणपणाने हुक पाना लावला आणि ती दुसऱ्या खाचेवर आणून ठेवली.

"काका, एक चक्कर मारून या. पाठ दुआ देईल."

ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि लगेच परतले. "शॉकला हात कुणी लावला?"

"मी. मऊ वाटतेय ना?"

काका खाली उकिडवे बसले. स्प्रिंगवरून बोट फिरवत राहिले.

"उबीन बेटावर जायचं होतं आम्हाला. चांगीच्या धक्क्यापर्यंत गाडीने, पुढे होडीने. आदल्या दिवशी ही म्हणाली, वजन माझं वाढलंय, पाना मीच फिरवते. दोन्ही हातांनी फिरवला. हसत होती नुसती. दुसऱ्या दिवशी ॲडमिट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने पाना उचलला. "काका, सहावरच होती. आत्ता परत लावतो."

त्यांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला आणि चहाचा कप दिला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"लागेल रे सहावर," ते म्हणाले. "पण मग ती तू लावलेली."